मोडलेल्या झोपेचे शास्त्र

१९१६-१७च्या हिवाळ्यात व्हिएन्नाच्या मनोरुग्णालयात एका नव्याच आजाराचे रुग्ण येऊ लागले. त्यांतले काही घास तोंडात असतानाच झोपी जात. हलवून उठवले तर विचारलेल्याचे उत्तर देत आणि एकटे सोडले की पुन्हा झोपत. असे आठवडेच्या आठवडे चाले. त्याच साथीतल्या दुसऱ्या काही रुग्णांच्या मात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता. कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो या तिथल्या मज्जाविकारतज्ज्ञाने दगावलेल्या रुग्णांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा दोन गटांतली इजा दोन वेगळ्या जागी आढळली. झोपाळू रुग्णांत ती हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात होती, निद्रानाशाच्या रुग्णांत पुढच्या भागात. त्यावरून त्याने सरळ अनुमान काढले. मागे माणसाला जागे ठेवणारे केंद्र असावे आणि पुढे झोपवणारे.

यातले झोपवणारे केंद्र त्या काळी पचणारे नव्हते. डोळे मिटले, आवाज थांबले, शरीर दमले की मेंदू आपोआप मंदावतो आणि त्यालाच झोप म्हणायचे, असा सर्वसाधारण समज होता; पुढेही तो बराच काळ टिकला. इकोनोमोने बोट ठेवलेल्या पुढच्या भागात झोपेच्या वेळीच कामाला लागणाऱ्या पेशींचा पुंजका हार्वर्डच्या संशोधकांना सापडला तो १९९६ मध्ये. मागच्या बाजूच्या पेशी जागेपण टिकवणारे ओरेक्सिन नावाचे द्रव्य तयार करतात, हे १९९८ नंतर उलगडले. मधे ऐंशी वर्षे गेली होती.

झोपेविषयी आज जे ठामपणे सांगता येते, त्यातले बरेचसे असेच हाती आले आहे. गाढ झोपलेला निरोगी माणूस अभ्यासकाला फारसे काही सांगत नाही. तो सकाळी उठून ‘छान झोप लागली’ एवढेच म्हणतो. ज्याची झोप मोडली, ज्याच्यावर ती भलत्या वेळी झडप घालते, जो झोपेत उठून भिंतीवर आदळतो, त्याच्याकडून शास्त्र शिकले. या संग्रहातले लेख निवडताना आणि लावताना मी हाच धागा धरला आहे. वाचकाला तो लेखागणिक दाखवत बसणार नाही. इथे फक्त या विषयाचा विस्तार किती, वाटा कुठून फुटल्या आणि वाद कुठे अडले आहेत, एवढे सांगतो.

जुन्या काळापासून सुरुवात करायची तर आपल्याकडे चरकाइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ, हे त्याचे वचन आयुर्वेदाच्या प्रत्येक व्याख्यानात ऐकू येते. त्याच्या यादीतले बारकावे मात्र फारसे कुणी सांगत नाही. मन आणि इंद्रिये थकून विषयांपासून फिरली की माणूस झोपतो, असे तो म्हणतो. दिवसा झोपण्याला त्याचा विरोध आहे, पण उन्हाळ्यात सवलत आहे. शिवाय म्हातारे, लहान मुले, अशक्त, गाऊन किंवा अभ्यासाने शिणलेले, ओझी वाहून आणि चालून दमलेले, या सगळ्यांना ऋतू न पाहता परवानगी आहे. स्वप्नांचे त्याने सात प्रकार केले: पाहिलेल्याचे, ऐकलेल्याचे, अनुभवलेल्याचे, इच्छिलेल्याचे, कल्पिलेल्याचे, भावी गोष्ट सुचवणारे आणि दोषांमुळे पडणारे. यांतल्या पहिल्या पाचांना काही फळ नसते, वैद्याने त्यांच्यावरून निदान करू नये, असेही त्याने बजावले. पहाटेचे स्वप्न खरे होते असे सांगणाऱ्या समाजात ही सावधगिरी लहान नव्हती.

उपनिषदांचे काम वेगळे. जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय या मांडूक्यातल्या अवस्थांचा प्रश्न आत्म्याचा आहे. ईईजीवरच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या नोंदीवरच्या, झोपेच्या टप्प्यांशी त्यांची जोडी जुळवण्याचा मोह अनेकांना होतो, सभेत त्याला टाळ्याही पडतात. या संग्रहात तो मोह टाळला आहे. त्यात ना उपनिषदांचा मान वाढतो, ना शास्त्राचा.

प्रयोगशाळेतली गोष्ट सुरू होते हान्स बर्गरपासून. जर्मनीतल्या येना इथे १९२४ मध्ये त्याने माणसाच्या कवटीवरून मेंदूतली विजेची आंदोलने टिपली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. झोपलेल्या माणसाला न उठवता त्याच्या मेंदूत डोकावण्याची ती पहिली सोय. १९३७ मध्ये आल्फ्रेड लूमिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या आधाराने झोपेचे टप्पे पाडले. तरीही रात्रभर नोंद कुणी फारशी घेत नसे. कागद महाग, आणि झोपलेल्या माणसात रात्रभर पाहण्यासारखे असणार तरी काय?

शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की हा विद्यार्थी या प्रश्नाच्या वाटेला गेला तो काहीसा नाइलाजाने. त्याचे मार्गदर्शक नॅथॅनिएल क्लाइटमन हे झोपेचे त्या काळचे सर्वांत मोठे अभ्यासक. १९३८ मध्ये केंटकीतल्या मॅमथ गुहेत महिनाभर राहून २८ तासांचा दिवस अंगवळणी पडतो का, हे त्यांनी स्वतःवर आणि एका विद्यार्थ्यावर पाहिले होते. विद्यार्थ्याचे शरीर जुळवून घेऊ शकले; क्लाइटमन यांचे शरीर चोवीस तासांवरच अडून बसले. ॲसेरिन्स्कीला त्यांनी झोपेतल्या डोळ्यांच्या हालचाली बघायला सांगितले. त्याने अडगळीतले एक जुने यंत्र दुरुस्त केले आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ आणि डोक्याला तारा चिकटवून त्याला निजवले. रात्री केव्हातरी यंत्राच्या लेखण्या जोरजोरात हलू लागल्या. मुलगा जागा होऊन इकडेतिकडे बघतो आहे, असे वाटून बाप आत गेला. मुलगा गाढ झोपेत होता. पापण्यांखाली बुबुळे मात्र धावत होती.

यंत्र बिघडले असावे ही शंका फिटेपर्यंत बरेच दिवस गेले. १९५३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दोघांचा छोटा निबंध आला. त्यात प्रौढांना रात्री मुद्दाम उठवून विचारल्याची आकडेवारी आहे. डोळे फिरत असताना २७ वेळा उठवले, त्यांत २० वेळा माणसाने सविस्तर स्वप्न सांगितले. डोळे स्थिर असताना २३ वेळा उठवले, तर १९ वेळा त्याला काहीच आठवले नाही. रेम झोप या नावाने आज ओळखतात ती ही अवस्था. पुढे क्लाइटमन यांचेच दुसरे विद्यार्थी विल्यम डिमेंट यांनी दाखवले की साधारण नव्वद मिनिटांची आवर्तने रात्रभर चालू राहतात. सुरुवातीच्या आवर्तनांत गाढ झोप जास्त, पहाटेकडे रेमचा वाटा मोठा. साखरझोपेत स्वप्ने दाटून का येतात, याचे साधे कारण हे.

लिऑनच्या मिशेल जुव्हे यांनी या अवस्थेला १९५९ मध्ये ‘विरोधाभासी झोप’ म्हटले, कारण मेंदू जाग्यासारखा तापलेला असतो आणि शरीर लोळागोळा. लोळागोळा का, हे शोधताना त्यांनी मांजराच्या मेंदूच्या देठातला एक लहानसा भाग निकामी केला. मांजर झोपले, रेम झोपेत शिरले आणि उठून उभे राहिले. डोळ्यांपुढे काहीही नसताना ते दबा धरू लागले, झेपावू लागले. स्वप्नात हातपाय न हलवण्यासाठी मेंदूत खास बंदोबस्त असतो आणि तो मोडला की स्वप्न अंगावाटे बाहेर पडते, हे त्या मांजरांनी दाखवून दिले. १९८६ मध्ये मिनेसोटातल्या डॉक्टरांनी हेच माणसांत नोंदवले. स्वप्नात फुटबॉल खेळणारा एक वृद्ध गृहस्थ प्रतिस्पर्ध्याला धडक द्यायला धावला आणि खोलीतल्या कपाटावर आदळला. अशा अनेक रुग्णांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचे विकार होतात, असे नंतर लक्षात आले. झोपेतला दंगा हा हात थरथरण्याच्या कितीतरी आधी मिळणारा इशारा ठरू शकतो.

याच बंदोबस्ताची उलटी चूकही होते. जाग आली पण लोळागोळा अवस्था ओसरली नाही, तर माणूस डोळे उघडे ठेवून पडून राहतो. बोट हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते, स्वप्नातली माणसे खोलीत दिसतात. गावोगावी याचे श्रेय भुताखेतांना मिळाले आहे. ज्याने हे अनुभवले आहे, त्याला कुणी खोटारडा म्हणू नये. त्याला खरोखरच तसे दिसलेले असते.

स्वप्नांच्या अर्थाविषयी मात्र शास्त्रात आजही एकमत नाही. फ्रॉइडचा ग्रंथ १८९९च्या अखेरीस बाहेर पडला, त्यावर छापलेले साल १९००. दडपलेली इच्छा वेष पालटून स्वप्नात येते, हा त्याचा सिद्धांत साहित्याने आणि सिनेमाने उचलून धरला, प्रयोगशाळेने नाही. १९७७ मध्ये हार्वर्डच्या ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅककार्ली यांनी दुसरे टोक गाठले: मेंदूच्या देठातून उठणाऱ्या विस्कळीत संदेशांना वरचा मेंदू जमेल तशी गोष्ट जोडतो, म्हणजे स्वप्न. फ्रॉइडवाद्यांना ते झोंबले. मग मार्क सोल्म्स यांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास मांडला. देठ शाबूत, रेम झोप शाबूत, पण मेंदूच्या पुढच्या भागातला इच्छा-प्रेरणेशी निगडित पट्टा तुटलेला, अशा रुग्णांची स्वप्ने बंद झाली होती. रेम म्हणजेच स्वप्न हे समीकरण तिथे मोडले, आणि हॉब्सन यांचा सिद्धांतही पुरेसा नाही हे दिसले. इथेही निवाडा मोडतोडीनेच केला.

तिसरी वाट मला स्वतःला सर्वांत भरवशाची वाटते, जरी तिच्यात चमक कमी आहे. अमेरिकेत कॅल्व्हिन हॉल यांनी हजारो स्वप्ने लिहून घेतली आणि त्यांत कोण येते, काय घडते, भांडणे किती, अपयश किती, हे मोजले. निष्कर्ष असा की स्वप्ने बहुतांशी आपल्या रोजच्या काळज्या आणि माणसांचीच असतात. मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे आपल्या आज्या सांगतच होत्या. हॉल यांनी त्याला तक्ते जोडले. फिनलंडचे अँट्टी रेव्होन्सुओ म्हणतात की स्वप्न ही संकटाची रंगीत तालीम आहे. हे आकर्षक आहे, पण ज्या स्वप्नांत संकटच नसते त्यांचे काय, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. स्वप्न पडत असताना ‘हे स्वप्न आहे’ असे ओळखणारी माणसे तर याहून विलक्षण. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी आणि नंतर स्टॅनफर्डमध्ये स्टीव्हन लाबर्ज यांनी अशा माणसांकडून झोपेतच, ठरवलेल्या डोळ्यांच्या खुणांनी, निरोप मिळवले. २०२१ मध्ये चार देशांतल्या प्रयोगशाळांनी स्वप्नातल्या माणसाला सोपे गणित विचारून उत्तर मिळवल्याचे प्रसिद्ध केले. या प्रयोगावरचा लेख मी संग्रहात आग्रहाने घेतला आहे.

आता मूळ प्रश्न. झोपायचे कशासाठी? शिकागोतच ॲलन रेख्टशाफेन यांनी १९८०च्या दशकात उंदरांवर केलेला प्रयोग वाचवत नाही, पण टाळताही येत नाही. पाण्यावर एक फिरती तबकडी, तिच्यावर दोन उंदीर. त्यांतला एक झोपू लागला की तबकडी फिरे आणि दोघांनाही चालावे लागे. दुसऱ्याला मधल्या वेळात झोपायला मिळे, पहिल्याला नाही. पहिला उंदीर अधिक खाई आणि तरी खंगत जाई. अंगावर जखमा होत, शेवटी शरीराचे तापमान घसरे, आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत तो मरे. शवविच्छेदनात मृत्यूचे एक ठरीव कारण सापडले नाही. झोप अत्यावश्यक आहे हे सिद्ध झाले. कशासाठी, हे तसेच राहिले.

उत्तरे पुष्कळ आहेत. झोपेत आठवणी पक्क्या होतात, असे म्हणणाऱ्यांच्या हाती १९९४ पासून मोठा पुरावा आहे: दिवसा वाटा शोधताना उंदराच्या मेंदूतल्या ज्या पेशी जोडीने चेतल्या, त्याच गाढ झोपेत पुन्हा जोडीने चेततात. ज्युलिओ टोनोनी आणि कियारा चिरेली म्हणतात की दिवसभरात फुगलेले पेशींमधले दुवे झोप छाटून आणते. मेकन नेडरगार्ड यांच्या गटाने २०१३ मध्ये मांडले की झोपेत मेंदूतला कचरा धुऊन निघतो. ही कल्पना वर्तमानपत्रांना इतकी आवडली की ती सिद्ध सत्य म्हणून सांगितली जाऊ लागली. २०२४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी उंदरांतच नेमके उलटे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि तो वाद सध्या ऐन भरात आहे. दरम्यान प्राणिशास्त्रज्ञ यातल्या प्रत्येक उत्तराला खोडा घालत असतात. डॉल्फिन अर्ध्या मेंदूने झोपतात. फ्रिगेट पक्षी समुद्रावर दिवसेंदिवस उडताना दिवसाकाठी सरासरी ४२ मिनिटे झोपतात. कॅसिओपिया नावाची जेलीफिशही झोपते हे २०१७ मध्ये दिसून आले, आणि तिला तर मेंदूच नाही. म्हणजे झोप मेंदूहून जुनी असावी; नंतर आलेल्या मेंदूने तिच्यात आपली कामे उरकून घेतली असावीत. झोपेचे एकच कारण शोधणे व्यर्थ आहे, असे माझे मत या संपादनाच्या काळात पक्के झाले.

झोप केव्हा लागते, याचे शास्त्र त्या मानाने नीट बसलेले आहे. झ्युरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेला आराखडा आजही वापरात आहे: जागेपणी साठत जाणारी झोपेची ओढ आणि उजेडाशी बांधलेले जैविक घड्याळ, या दोहोंच्या मेळाने झोप येते. ओढीत ॲडेनोसिन या द्रव्याचा मोठा हात आहे, आणि चहा-कॉफीतले कॅफिन त्याचीच जागा अडवून बसते. घड्याळाच्या जनुकांवरच्या कामाला २०१७ चे नोबेल मिळाले. भारतात मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी वटवाघळांच्या आणि माणसांच्या जैविक लयीचा जो अभ्यास उभा केला, त्याची दखल आपल्याकडे फारच कमी घेतली गेली.

हे पुस्तक आज मराठीत का, याचे उत्तर माझ्या दृष्टीने चेन्नईत आहे. तिथे अर्थशास्त्रज्ञांनी ४५२ कमी उत्पन्नाच्या प्रौढांना महिनाभर संगणकावर माहिती भरण्याचे काम दिले आणि त्यांच्या मनगटावर झोप मोजणारे यंत्र बांधले. माणसे रात्री आठेक तास अंथरुणात होती. झोप लागत होती साडेपाच तासांच्या आसपास. उरलेला वेळ उकाडा, डास, गोंगाट आणि दाटीवाटीने खाल्ला. पंखे, गाद्या, डोळ्यांवरच्या पट्ट्या आणि समजावणी यांनी रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली, पण कामावर किंवा आकलनावर तिचा लाभ दिसला नाही. तुटक झोप थोडी लांबवून फार साधत नसावे. दुपारी कामाच्या जागीच अर्ध्या तासाची डुलकी घेऊ दिली, तेव्हा मात्र काम सुधारले आणि मनही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास वाचताना ओझी वाहणाऱ्याला दिवसा झोपू देणारा चरक आठवल्यावाचून राहत नाही. आपल्याकडे वामकुक्षीची चेष्टा होते आणि आठ तासांच्या झोपेवर प्रवचने होतात. पत्र्याच्या खोलीत सहा माणसांत, किंवा आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कारखान्यात, त्या प्रवचनांचा उपयोग काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणात झोपेचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमात बसतो असे म्हटले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना मनाई करणारे नियम त्याआधीपासून आहेत. ते किती पाळले जातात, हे उत्सवांच्या दिवसांत कुठल्याही गल्लीत राहणाऱ्याला विचारावे.

दुसऱ्या टोकाला झोपेचा बाजार आहे: घड्याळे, ॲप, गोळ्या, आणि सात तासांहून कमी झोपलात तर काय काय होईल याच्या धमक्या. मनगटावरच्या घड्याळाने झोप कमी दाखवली म्हणून ज्यांची झोप उडाली, अशा रुग्णांच्या त्रासाला अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये ऑर्थोसोम्निया असे नावही देऊन टाकले. टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हियातल्या विजेविना राहणाऱ्या तीन समाजांत रात्रीची झोप ५.७ ते ७.१ तास भरली, हे २०१५ चे मोजमाप धास्तावलेल्यांनी जरूर वाचावे. कमी झोपेची फुशारकी मारणाऱ्यांनी ते आपल्या बाजूने वापरू नये. त्या माणसांना दिवसा गाडी चालवायची नसते. जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नसून सवयी आणि विचार बदलण्याची पद्धतशीर उपचारपद्धती आहे, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. आपल्याकडे ती करणारे प्रशिक्षित लोक फार थोडे आहेत, हे दुःख वेगळे.

या संग्रहात स्वप्नांचे अर्थ सांगणारी यादी नाही आणि झोपेचे दहा नियमही नाहीत. प्रत्येक लेखकाला माझी विनंती एकच होती: निष्कर्ष सांगा, पण तो कसा मिळाला हेही सांगा, आणि जिथे वाद आहे तिथे दोन्ही बाजू मांडा. म्हणून काही लेखांची एकमेकांशी भांडणे आहेत; ती मी मिटवलेली नाहीत. परिभाषेच्या बाबतीत रेम, ईईजी, ओरेक्सिन असे रुळलेले शब्द तसेच ठेवले आहेत.

ओळीने वाचायची सक्ती नाही. फक्त घोरण्यावरचा लेख आधी वाचा. मुंबईतल्या मध्यमवयीन पुरुषांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साडेसात टक्क्यांना झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, त्याच्या लक्षणांसह, आढळला होता. हवेच्या दाबाने श्वसनमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्येच मांडले आहे, म्हणजे उपाय नवा नाही. अडचण एवढीच की घोरणाऱ्याला आपला श्वास थांबल्याचे कळत नाही. ते शेजारी झोपणाऱ्यालाच कळते. तेव्हा घरात कुणी ‘तुमचा श्वास रात्री मधेच थांबतो’ असे सांगत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका, आणि डॉक्टरकडे जाताना त्या माणसालाही सोबत न्या.